छापा, काटा आणि कड

चौतीस वर्षं मी बँकेत रोखपाल होतो, त्यातली बरीचशी सांगली जिल्ह्यात. लोकांना वाटतं रोखपालाला नाणी पाठ असतात. असतात, पण चेहऱ्याने नव्हेत. नाणी मोजायची म्हणजे चळत लावायची, आणि चळत लागली की छापाही झाकतो, काटाही झाकतो. समोर उरते ती कड. रुपयाच्या चळतीत आठ आण्याचं नाणं शिरलं तर ते कडेवरूनच पकडायचं. पाच रुपयांचं ते जुनं, जाडजूड नाणं तर मी न बघता ओळखायचो. त्याच्या दातेरी कडेच्या मधोमध खोबण असायची आणि ती अंगठ्याच्या नखाला लागायची.

निवृत्तीनंतर ही विद्या कामाला येईल असं वाटलं नव्हतं. आली, तीही अमेरिकेत.

२०१२ साली नातीच्या जन्माच्या वेळी आम्ही दोघं पहिल्यांदा मुलाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो. ही बाळ-बाळंतिणीत गुंतली. मला सकाळी फिरून आलं की पुढे संध्याकाळपर्यंत काही नाही. मुलगा मेट्रोपार्क स्टेशनवरून न्यू यॉर्कला रेल्वेने जायचा. तिकिटाच्या यंत्रात वीस डॉलरची नोट घातली की उरलेले पैसे ते यंत्र सोनेरी नाण्यांत परत द्यायचं. एकेक डॉलरची नाणी. ती तो घरी आणून आम्हीच मागे पाठवलेल्या डिंकाच्या लाडवांच्या डब्यात टाकायचा. डबा उचलायला गेलो तर उचलेना.

"अरे, हे खर्च का करत नाहीस? इथे कुणी घेत नाही का?"

"घेतात हो बाबा. पण दुकानदार नाण्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो. नको वाटतं."

रोखपालाच्या घरात न मोजलेला पैसा पडून राहणं हे काही खरं नव्हे. मी डबा जेवणाच्या टेबलावर ओतला आणि वीस-वीसच्या चळती लावल्या. तीनशे बारा निघाली. चळत सरळ करताना बोटांना काहीतरी लागलं. दाते नव्हते. चष्मा लावून पाहिलं तर कडेवर अक्षरं! खोल कोरलेली, बारीक. 'ई प्लुरिबस उनम' (त्यांचं लॅटिन बोधवाक्य, 'अनेकांतून एक'), मग 'इन गॉड वी ट्रस्ट', मग साल, मग एक सुटं अक्षर, पी किंवा डी. पी म्हणजे फिलाडेल्फियाची टाकसाळ, डी म्हणजे डेन्व्हरची. आपल्याकडे मुंबईच्या टाकसाळीची हिऱ्याच्या आकाराची खूण सालाखाली, नाण्याच्या तोंडावरच असते. या लोकांनी साल आणि टाकसाळ दोन्ही कडेला हाकलली होती. नाण्याची जन्मतारीख तोंडावर नाही, बरगडीवर.

मी सगळी नाणी राष्ट्राध्यक्षाचा चेहरा वर करून लावली आणि कडेची अक्षरं वाचायला बसलो. अर्ध्या नाण्यांवरची अक्षरं सरळ होती, अर्ध्यांवरची उलटी. मी उडालोच. तीनशेतली दीडशे चुकीची? मुलगा कामावरून येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याचं घराचं कर्ज फेडून टाकलं होतं.

त्याने रात्री माहिती काढून वाचून दाखवली आणि कर्ज पुन्हा जागेवर आलं.

गोष्ट अशी आहे. ही राष्ट्राध्यक्षांची मालिका २००७ च्या फेब्रुवारीत जॉर्ज वॉशिंग्टनपासून सुरू झाली. वर्षाला चार राष्ट्राध्यक्ष, पदावर आले त्या क्रमाने. टाकसाळीत नाण्याचा छापा आणि काटा दाबयंत्रात एका ठोक्यात उमटतो, पण त्या वेळी कड साधी, गुळगुळीत असते. मग ही नाणी मोठ्या पेटाऱ्यांत पडतात आणि पेटारे दुसऱ्या यंत्राकडे जातात. तिथे एका बाजूला फिरतं चाक आणि दुसऱ्या बाजूला उंचावलेल्या अक्षरांची स्थिर पट्टी असते. दोघांच्या मधून नाणं दाबलं जात, गडगडत पुढे सरकतं आणि पट्टीवरची अक्षरं त्याच्या कडेत रुततात. नाणं यंत्रात शिरताना चेहरा वर आहे की खाली, हे कुणी बघत नाही. म्हणून अर्ध्यांवर अक्षरं सरळ, अर्ध्यांवर उलटी. संग्राहकांनी त्याला नावंही दिली आहेत. चेहरा वर ठेवल्यावर अक्षरं उलटी दिसली तर पोझिशन ए, सरळ दिसली तर पोझिशन बी. यात चूक काही नाही. अक्षरं नेमकी कुठून सुरू होतात, राष्ट्राध्यक्षाच्या डोक्यावरून की हनुवटीखालून, त्यालाही काही नेम नाही. तरीही आज इंटरनेटवर 'उलट्या अक्षरांची दुर्मीळ चूक' म्हणून पोझिशन ए विकायला बसलेले लोक मी रोज बघतो. त्यांना बघून मला माझी ती दुपार आठवते, त्यामुळे फार हसत नाही.

पण दोन वेगळी यंत्रं आणि मध्ये पेटारे, हे एकदा कळलं की खऱ्या चुका कुठे होतील ते आपोआप सुचतं. रोखपालालाही हेच शिकवतात: पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो तिथे बघा.

पेटारा दुसऱ्या यंत्राकडे गेलाच नाही, तर? तेच झालं होतं, आणि अगदी पहिल्याच नाण्याला. वॉशिंग्टनची तीस कोटींहून अधिक नाणी निघाली. त्यांतले काही पेटारे कडेची अक्षरं उमटवायचं यंत्र चुकवून थेट पुढे गेले आणि फ्लोरिडासारख्या राज्यांत लोकांच्या हाती गुळगुळीत कडेचे डॉलर पडले. अशी पन्नास हजारांच्या आसपास असावीत, असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. 'इन गॉड वी ट्रस्ट' हे वाक्य कडेवरच असल्याने वर्तमानपत्रांनी नाव ठेवलं 'गॉडलेस डॉलर', म्हणजे देव नसलेला डॉलर. त्याआधीच सरकारने देवाला नाण्यावरून काढून टाकल्याची आवई उठलेली होती, त्यात हे. सुरुवातीला एकेक नाणं शेकडो डॉलरना गेलं. मग पुष्कळ सापडायला लागली आणि भाव पन्नासच्या आसपास उतरला. टोमॅटोसारखंच ते.

या नाण्यांची गंमत म्हणजे ती कुठल्या टाकसाळीची हे नाणं स्वतः सांगू शकत नाही, कारण टाकसाळीचं अक्षरही कडेवरच. बहुतेक फिलाडेल्फियाची, असं मानतात. ॲडम्सची आणि जेफरसनचीही अशी कोरी नाणी सापडली आहेत, पण वॉशिंग्टनपेक्षा कितीतरी कमी.

उलट, तोच पेटारा यंत्रातून दोनदा गेला, तर? मग एका कडेवर दोन-दोन ओळी. यातही दोन प्रकार. दोन्ही वेळा नाणं त्याच बाजूने शिरलं असेल तर दोन्ही ओळी एकाच दिशेने वाचता येतात, एकीची अक्षरं दुसरीत घुसलेली. दुसऱ्या वेळी नाणं उलटून शिरलं असेल तर एक ओळ सरळ आणि दुसरी तिच्या डोक्यावर उभी. हा रोग सगळ्यांत जास्त झाला तो दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाला, जॉन ॲडम्सला, आणि तोही फिलाडेल्फियात.

आमच्या डब्यात तो निघाला. तिसऱ्या दिवशी. मी जाड पुस्तक मधोमध उघडून त्याच्या घळीत नाणी आडवी ठेवायचो आणि बोटाने हळूहळू फिरवायचो, म्हणजे वीस नाण्यांच्या कडा एकदम वाचता येतात. बाजूला टेबलावरचा दिवा, पण वरून नाही, तिरका. सावली पडली तरच अक्षर उठून दिसतं. एका नाण्यावर 'प्लुरिबस'च्या पोटात दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. मला वाटलं मोतीबिंदू. डोळे चोळले, चष्मा पुसला, शेजारचं नाणं पाहिलं. शेजारचं स्वच्छ. मग या एकावर साल शोधलं: २००७ पी. नाणं अर्ध्याहून कमी फिरवलं तर पुन्हा २००७ पी. मी हिला हाक मारली. ती बाळाला खांद्यावर घेऊन आली, नाण्याकडे बघितलं आणि म्हणाली, "छपाईचं काम आहे, दोनदा झालं असेल." बरोबर होतं तिचं. तिचे वडील छापखान्यात होते.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. सगळी अक्षरं दोनदा असतील तर ते दुहेरी. फक्त सुरुवात आणि शेवट जिथे भेटतात तिथे दोन-तीन अक्षरं एकमेकांवर चढलेली असतील तर नाणं एका फेरीपेक्षा थोडं जास्त गडगडलं, एवढंच. तीही चूक आहे, पण धाकटी. नाणं यंत्रात घसरलं तर अक्षरं फाकतात, दाटतात, किंवा एखादा शब्द अर्धवट राहतो. दाब कमी पडला तर सगळीच पुसट. अशा पुसट नाण्याला 'कोरं' म्हणून पैसे मोजू नयेत. तिरक्या उजेडात अक्षराचा एक पाय जरी दिसला तरी ते कोरं नव्हे.

नवशिक्याचे आणखी दोन घोटाळे मी स्वतः करून बघितलेले आहेत. डब्यात पाठीवर बाळ घेतलेल्या बाईची, साकागावियाची, नाणीही होती. रंग तोच, आकार तोच, कड मात्र साफ कोरी. सहा निघाली आणि मी पुन्हा कर्ज फेडायला घेतलं. पण साकागाविया २००० पासून २००८ पर्यंत कोऱ्या कडेचीच आहे, तिचं साल तोंडावर असतं. २००९ पासून साल, टाकसाळीचं अक्षर आणि 'ई प्लुरिबस उनम' कडेला गेलं. म्हणजे तिच्या तोंडावर साल दिसलं तर कोरी कड बरोबर. तोंडावरही साल नाही आणि कडेवरही नाही, तर मात्र नाणं जपून ठेवा. त्याचं साल मागच्या चित्रावरून ठरवायचं, कारण चित्र दरवर्षी बदलतं. २००९ चं चित्र मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पिकवणाऱ्या बाईचं आहे. आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको, आंतरपीकच ते.

दुसरा घोटाळा देवाचा. २००९ पासूनच्या राष्ट्राध्यक्षांच्या कडेवर 'इन गॉड वी ट्रस्ट' सापडत नाही. ते गळालेलं नाही. 'देव नसलेला डॉलर' प्रकरणाच्याच वर्षी, २००७ च्या डिसेंबरात, कायदा झाला आणि ते वाक्य कडेवरून तोंडावर आणलं गेलं. कडेवर त्याच्या जागी चांदण्या आल्या. मोजा, तेरा भरतात: एकीकडे तीन, दुसरीकडे दहा. मूळच्या तेरा वसाहतींच्या त्या.

सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीची एस अक्षराची चकचकीत 'प्रूफ' नाणी, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेली, या भानगडीतून बाहेर आहेत. त्यांच्या कडेची अक्षरं नाण्याभोवतीच्या तीन तुकड्यांच्या कड्यात, ठोक्याबरोबरच उमटतात, त्यामुळे सगळ्यांची अक्षरं एकाच दिशेला.

आता माझी फजिती. पुढच्या खेपेला, एका शाळेच्या सभागृहात रविवारी नाण्यांचं छोटं प्रदर्शन होतं, तिथे मुलाने मला सोडलं. एका टेबलावर कोऱ्या कडेचा वॉशिंग्टन. विकणारा माणूस गोड बोलणारा, बँकेच्या पुडक्यात आपल्यालाच मिळाला म्हणाला. चाळीस डॉलर. मी भिंग लावलं, कड कोरी होती, आणि एका माजी रोखपालाने चाळीस डॉलर मोजून दिले. घरी येऊन सुनेच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. ८ ग्रॅम. डब्यातलं साधं नाणं ठेवलं, तेही ८ ग्रॅम. समाधान झालं.

डिसेंबरात सांगलीला परतलो. सराफ कट्ट्यावर माझे जुने मित्र आहेत. ते नाणं त्यांना कौतुकाने दाखवायला गेलो, बरोबर तुलनेला डब्यातली तीन साधीही होती. त्यांनी भिंग लावायच्या आधीच कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "हे घासलंय की ओ."

मग रीतसर तपासणी झाली. या नाण्याचं ठरलेलं वजन ८.१ ग्रॅम आणि व्यास २६.५ मिलिमीटर. साधी तिन्ही नाणी सोन्याच्या काट्यावर ८.०८ ते ८.११ मध्ये भरली. माझं चाळीस डॉलरचं रत्न ७.९२. व्हर्नियरमध्ये धरलं तर व्यास २६.२. कुणीतरी बारीक कानस किंवा पॉलिश कागद घेऊन अक्षरं संपेपर्यंत कड उतरवली होती. सुनेचा काटा पूर्ण ग्रॅमच दाखवतो, तो बिचारा काय करणार.

मित्रांनी मला भिंगाखाली आणखी एक दाखवलं. हे नाणं तीन थरांचं असतं. मध्ये निव्वळ तांबं, वर-खाली मँगनीज असलेलं पितळ. कडेला मधला तांब्याचा पट्टा दिसतो. साध्या नाण्यात तो मळकट होता आणि त्यावर उभ्या, बारीक रेघा होत्या. ठोका बसताना नाण्याभोवती जे कडं असतं त्याच्या त्या रेघा. माझ्या नाण्यात तांबं लालबुंद, आत्ताच उघडं पडल्यासारखं, आणि ओरखडे आडवे, कडेच्या लांबीने धावणारे. टाकसाळीतून कोरं निघालेलं नाणं कोरं असतं, पण उघडं पडलेलं नसतं.

याच मित्रांकडे शिवराईंनी भरलेला एक तांब्या आहे. शिवराई हाताने, घणाखाली पाडलेली. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे कधी 'श्री' चकतीबाहेर गेलेली, कधी 'छत्र' आहे तर 'पति' अर्धं. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति', सगळी अक्षरं ठसठशीत असलेली शिवराई मिळाली तर ते ती कापसात ठेवतात. अमेरिकेत सगळी अक्षरं असलेलं नाणं तिकिटाच्या यंत्रातून येतं आणि अक्षरं गळालेलं नाणं कापसात जातं. त्या दिवशी आम्ही यावर चहाचे दोन कप जास्त घेतले.

पुढे मी जेव्हा जेव्हा एडिसनला गेलो, तेव्हा बँकेतून पंचवीस नाण्यांची पुडकी आणवून घेतली. मुलाला ते काम आवडत नाही, पण तो आणतो. चलनासाठी ही नाणी पाडणं अमेरिकेने २०११ अखेर थांबवलं. पुढची फक्त संग्राहकांसाठी. कारण सोपं होतं, कुणी वापरतच नव्हतं आणि तिजोऱ्यांत ढीग साठले होते. त्यात एक भर हुशार लोकांची. टाकसाळ तेव्हा घरपोच, पाठवणीचा खर्च न घेता, २५० डॉलरच्या पेट्या विकायची. लोक त्या क्रेडिट कार्डावर घ्यायचे, विमानप्रवासाचे पॉइंट खिशात घालायचे आणि पेटी न फोडता बँकेत भरायचे. शेवटी २०११ च्या उन्हाळ्यात टाकसाळीने कार्ड घेणं बंद केलं. काऊंटरपलीकडच्या त्या रोखपालांची मला फार दया येते. त्या पेट्या कुणाला मोजाव्या लागल्या असतील?

अशा पुडक्यांतून मला आजवर काय मिळालं म्हणाल तर फार नाही. दोन पुसट जेफरसन. 'ट्रस्ट'मधली अक्षरं दाटलेला एक मन्रो. नाणी बांधणाऱ्या यंत्राने कड चेपलेली मात्र पुष्कळ; ती चूक टाकसाळीची नव्हे, त्यांना किंमत नाही. दुहेरी ॲडम्स तो एकच, लाडवाच्या डब्यातला. तो नातीच्या नावाने ठेवलाय. ती आता मोठी झाली आहे आणि तिला नाण्यांत काडीचा रस नाही, पण पोझिशन ए की बी ते चटकन सांगते.

आणि एक मॅडिसन आहे, ज्याच्यावरून घरात मतभेद आहेत. फिलाडेल्फियाचा, २००७ चा. 'उनम'ची पहिली दोन अक्षरं खोल, पुढची दोन जवळजवळ नाहीतच. मुलगा म्हणतो यंत्रात घसरलं. सराफ मित्रांनी फोटो बघून फोनवर सांगितलं, खिशात किल्ल्यांबरोबर राहिलेलं दिसतंय. वजन ८.०६, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. व्यास मोजायला मी व्हर्नियर घेतला, पण त्या जागी तो कधी २६.४ दाखवतो, कधी २६.५, हात थरथरतो त्याप्रमाणे. मी त्याला वेगळ्या पाकिटात घातलंय आणि वर पेन्सिलने लिहून ठेवलंय: 'मॅडिसन, पी. घसरलं की घासलं?'